काजव्याला दात नसतात

नाशकात नवी गाडी घेतलेल्या माणसाची तीन कर्तव्ये ठरलेली आहेत. पहिले, गाडीला हार घालून ती पंचवटीत काळारामाच्या दर्शनाला न्यायची. दुसरे, चाकाखाली लिंबे चिरडायची. आणि तिसरे, पुढच्या सुट्टीला घरच्यांना तीत भरून ‘जरा निसर्गात’ जाऊन यायचे. पहिल्या दोहोंबद्दल माझी तक्रार नाही. रामाला हारांची सवय आहे आणि लिंबांना कोणी विचारत नाही. माझे भांडण आहे ते तिसऱ्याशी. मोटारीत बसून डोंगर दिसत नाही, असे माझे मत आहे. हे मत मी आजवर दोन बारशी, एक साखरपुडा आणि एका साठीशांतीत मांडले आहे. साठीशांतीत तर यजमानांनी मला मठ्ठा वाढायचेच बंद केले. म्हणून आता ते सरळ छापून टाकतो.

वास्तविक नाशिकच्या माणसाला डोंगर बघण्यासाठी गाडी काढायचे कारणच नाही. गच्चीवर उभे राहिले की एकीकडे पांडवलेणी, दुसरीकडे चामरलेणी आणि रामशेज, हवा स्वच्छ असेल तर लांबवर अंजनेरी. पण गच्चीवर जायला जिना चढावा लागतो. शिवाय तिथून दिसणारा डोंगर फुकट असतो, आणि फुकटच्या डोंगराची गोष्ट सोमवारी ऑफिसात सांगता येत नाही. त्यामुळे भंडारदरा.

नाशिकहून घोटी, घोटीला डावीकडे वळून बारीवरून शेंडी, सगळे मिळून सत्तरेक किलोमीटर. शेंडी हे धरणाकाठचे गाव. तिथून जलाशयाला वळसा घालणारा रस्ता निघतो. मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि परत शेंडी, अशी चाळीसेक किलोमीटरची प्रदक्षिणा. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला सह्याद्रीचा कणा. १६४६ मीटरची कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्रातले सगळ्यात उंच शिखर, याच मुलखात. अलंग, मदन, कुलंग आणि रतनगड हे किल्लेही इथलेच. हा सगळा भाग १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून जाहीर झाला. अभय नेमके कुणाला, याबद्दल सरकारच्या मनात काहीही असो. मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तिथे उभे राहून पाहणाऱ्याला ते मोटारींना दिले असावे असे वाटते.

या प्रदक्षिणेला मी मेहुण्यांच्या नव्या गाडीतून गेलो. आपणहून नव्हे, आमच्या हिच्या माहेरच्या गोष्टीत आपणहून असे काही नसते. पण पुरावा म्हणून तो प्रवास माझ्या उपयोगी पडला, तेवढ्यापुरता तो इथे सांगतो.

मेहुण्यांचे तत्त्वज्ञान असे होते. “आपली गाडी, आपली मर्जी. वाटेल तिथं थांबायचं, भाऊजी! सहलीच्या बसमध्ये मेंढरासारखं कोंडून कोण घेणार?”

‘वाटेल तिथे थांबायचे’ हे या सगळ्या व्यवहारातले सगळ्यात मोठे असत्य आहे. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्याला वाटेल तिथे कधीच थांबता येत नाही. जिथे थांबावेसे वाटते तिथे वळण असते. वळण नसते तिथे मागे हॉर्न असतो. हॉर्न नसला तर रस्त्याची कड इतकी खचलेली असते की नवी गाडी उतरवण्याची मालकाची छाती होत नाही. मग गाडी थांबते कुठे? जिथे थांबण्यापुरती जागा असते तिथे. आणि तशी जागा सगळ्यांना मिळून एकच असल्यामुळे तिथे आधीच तीस गाड्या थांबलेल्या असतात. बसमधली मेंढरे निदान एकमेकांना ओळखतात तरी. ही मेंढरे आपापल्या स्वतंत्र खोक्यात बसून, स्वतंत्र हप्ते भरत, एकाच गवतावर येतात.

आता गाडीत कोणाला काय दिसते ते जागावार पाहू. सर्वात उत्तम जागा अर्थातच चालवणाऱ्याची, आणि सर्वात कमी दिसते ते त्यालाच. घोटीपर्यंत मेहुण्यांनी पाहिलेला निसर्ग म्हणजे एका कंटेनरचा मागचा दरवाजा. पूर्वी ट्रकच्या पाठीवर निदान काही वाङ्मय तरी असे. पण ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्रात २०१५ साली बंदी झाली, तेव्हा वाचनाचीही सोय गेली. घोटीनंतर त्यांनी खड्डे पाहिले. कळसूबाई खिडकीत आली तेव्हा मी म्हणालो, “ती बघा कळसूबाई!” त्यावर त्यांनी समोरच्या टेम्पोवरची नजर न हलवता “हो हो, मस्त” असे उद्गार काढले. महाराष्ट्रातल्या सर्वोच्च शिखराचे एवढे संक्षिप्त दर्शन आजवर कुणी घेतले नसेल.

त्यांच्या शेजारची जागा माझी. तीवर बसणाऱ्याने मोबाईलवरच्या नकाशाकडे बघायचे असते. मधल्या बाकावर सासूबाई, वहिनी आणि आमची ही. वहिनींच्या मांडीवर चिवड्याचा डबा, पायाशी पाण्याच्या बाटल्या, आणि डोळे सतत मागच्या बाकाकडे, कारण तिथे भाचा आणि भाची. भाचा पडद्यावर कुठल्याशा परक्या जंगलातला सिंह बघत होता. भाचीला बारीच्या आसपास मळमळू लागले. पुढचा सगळा सह्याद्री आम्ही आलेपाकाच्या वड्यांच्या हिशेबाने मोजला.

शिवाय काचा बंद. काच उघडली की धूळ येते, आणि वर घेतलेले पैसे एअरकंडिशनरचे असतात. मे अखेरीला त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना करवंदीच्या जाळ्या काळ्याभोर लगडलेल्या असतात. आंबे, जांभळे, सुकलेले गवत आणि तापलेला कातळ यांचा मिळून एक वास सुटलेला असतो. आमच्या गाडीत मात्र समोर चिकटवलेल्या एका इवल्या बाटलीतून देवदाराचा वास येत होता. बाहेर खरे रान होते आणि आम्ही बाटलीतल्या रानाचा वास घेत त्यातून चाललो होतो. यापेक्षा घरी दिवाणखान्यात बसून उदबत्ती लावली असती तर पेट्रोल वाचले असते.

पॉइंट ही गोष्ट साहेबाने आणली. महाबळेश्वरात त्याने प्रत्येक कड्याला आपले, आपल्या मित्रांचे आणि लेकीबाळींचे नाव देऊन ठेवले. पण त्याच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की तो तिथवर घोड्यावरून किंवा पायी जाई, आणि गेल्यावर तासभर बसे. आपण त्याच्याकडून नाव तेवढे घेतले, बसणे घेतले नाही. आमच्या प्रदक्षिणेत दर पॉइंटला सरासरी सात मिनिटे मिळाली, त्यातली चार फोटोत गेली.

रंधा धबधब्याशी तर कमालच झाली. रंधा प्रवरेवरचा. पावसाळ्यात तो असा कोसळतो की बोललेले ऐकू येत नाही. मे महिन्यात, धरणातून पाणी सोडलेले नसेल तर, तिथे असतो तो काळा कडा, आणि खालचा डोह. मेहुणे कठड्यापाशी गेले, वाकून पाहिले, घड्याळ पाहिले आणि तिथल्या भेळवाल्याला विचारले, “बंद आहे का?”

भेळवाला गंभीरपणे म्हणाला, “जुलैत चालू होतो.”

पण गाडीवाल्याचा खरा अभिमान थांबण्यात नसतो, तो वाटाड्या न घेण्यात असतो. शेंडीत एक पोरगा जवळ आला, “गाईड पाहिजे का साहेब? रतनगड, सांदण, सगळं दाखवतो,” म्हणाला. मेहुण्यांनी त्याला मोबाईल दाखवला. यात सगळं आहे म्हणाले. आता त्या मोबाईलमधल्या बाईबद्दल माझ्या मनात आकस नाही. दोनशे मीटरवर डावीकडे वळा, हे ती घरातल्या कुठल्याही माणसापेक्षा सौम्यपणे सांगते, आणि नाही वळले तर माहेरी जात नाही. पण तिला फक्त वळणे ठाऊक. हे धरण १९२६ साली पुरे झाले आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले, हे ती सांगत नाही. याच डोंगरांतल्या राघोजी भांगऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केले आणि १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात ते फासावर गेले, हे तर मुळीच नाही. आणि मुरशेतच्या पुढे मोबाईलची रेंज गेल्यावर तिने वळणे सांगणेही सोडून दिले.

तेव्हा मेहुण्यांनी काच चार बोटे खाली केली आणि रस्त्याने डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चाललेल्या बाईंना विचारले, “मावशी, पांजरे कुठं आलं?”

मावशींनी मोळीखालून गाडीकडे बघितले. “हे काय,” त्या म्हणाल्या, “पांजऱ्यातच हायेत तुम्ही.”

पुढे शेतांमधून काळे चौकोन दिसू लागले. जमीन जाळून काळी केलेली, वर राखेचा थर. “बघा, हे लोक जंगल जाळतात,” मेहुणे म्हणाले, “आणि मग आम्हाला सांगतात पर्यावरण!” गाडी पुढे गेली. हे मत काचेआडून बनलेले असल्यामुळे ते खोडायला बाहेरून कोणी येऊ शकले नाही. माझे बोलणे मेहुणे मानत नाहीत. ती गोष्ट पुढे सासूबाईंनी मिटवली, ती सांगतोच.

घाटघरला कोकणकड्यावर सात मिनिटे झाली. तिथे २५० मेगावॉटचा वीज प्रकल्प आहे. विजेची मागणी असते तेव्हा वरच्या तळ्यातले पाणी खाली सोडून वीज करतात, आणि मागणी कमी झाली की तेच पाणी पंपाने परत वर चढवतात. आमच्या गाडीने दिवसभर जे केले ते याहून वेगळे नव्हते. फक्त वीज निर्माण झाली नाही.

रतनवाडीला अमृतेश्वराचे जुने दगडी मंदिर आहे. खांबाखांबावर, छतावर इतके कोरीवकाम की मान दुखेपर्यंत वर बघावे, आणि जवळच पायऱ्यापायऱ्यांची देखणी पुष्करणी. सासूबाईंचे गुडघे गेलेले. गाडीनेच फिरायचे, याचे मेहुण्यांचे सगळ्यात बळकट कारण म्हणजे सासूबाईंचे गुडघे. “आईनं कधी बघायचं हे सगळं?” असे ते वारंवार म्हणत. त्यामुळे या वाक्यापुढे माझा वाद कायम लंगडा पडे. तर मंदिराशी सासूबाई म्हणाल्या, “तुम्ही जा पुढं सांदणला. मी बसते इथंच.” सांदण म्हणजे साम्रदची ती अरुंद खोल घळ. आम्ही जिथून आलो होतो तिथेच परत जायचे होते, कारण येताना ती दाखवणारा पॉइंट आमच्या लक्षात न येता मागे गेला होता. आम्ही गेलो, गाड्यांच्या रांगेत पाऊण तास अडकलो, घळीच्या तोंडाशी गर्दीच्या पाठी पाहिल्या आणि परत आलो.

परत आलो तर सासूबाई एका झाडाखाली बसलेल्या, शेजारी करवंदे विकणारी एक म्हातारी, मध्ये पळसाच्या पानांचा द्रोण. दोन तासांत त्या दोघींनी एकमेकींच्या तीन पिढ्या पुऱ्या केल्या होत्या. म्हातारीची मुलगी घोटीला दिलेली आहे. जावई भाताच्या गिरणीत कामाला आहे. मागच्या पावसाळ्यात गोठ्यात बिबट्या आला होता. पाऊस पडला की इथे चार महिने घोंगडी सुकत नाही. उन्हाळ्यात मात्र धरण उशाशी असूनही हंडा घेऊन लांब जावे लागते. आणि ते शेतातले काळे चौकोन म्हणजे राब. पालापाचोळा, गवत, शेण जमिनीवर पसरून भाजायचे, आणि त्या भाजलेल्या जागेत पहिल्या पावसाला भाताचे रोप टाकायचे.

“जंगल कुठलं जाळतायत,” सासूबाई मुलाला म्हणाल्या, “तुझ्या ताटातल्या भाताची तयारी आहे ती.”

सात जणांतून त्या दिवशी भंडारदरा एकट्या सासूबाईंनी पाहिला, आणि तो एका जागी बसून. गुडघ्यांचा मुद्दा माझ्यापुरता तिथे निकालात निघाला. गुडघे गेलेल्या माणसाला चाळीस किलोमीटर फिरवण्याची गरज नसते, त्याला एक झाड आणि बोलायला एक माणूस लागते.

इथपर्यंत माझी तक्रार हसण्यावारी न्यायला हरकत नाही. माणसे काचेतून डोंगर बघतात, तर बघोत बापडी. डोंगराचे काय जाते? मलाही रात्र होईपर्यंत असेच वाटत होते.

भंडारदऱ्याला मे अखेरीपासून पाऊस लागेपर्यंत लोक जातात ते मुख्यतः काजव्यांसाठी. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर काजवे हजारोंनी उतरतात आणि एका तालात उघडझाप करतात. अख्खे झाड श्वास घेतल्यासारखे उजळते आणि विझते. हा रोषणाईचा कार्यक्रम नसून लग्नाचा मोसम आहे. नर चमकून निरोप पाठवतो, मादी बहुधा खाली गवतात किंवा झुडपात बसून त्याला उत्तर देते. प्रत्येक जातीचा चमकण्याचा ताल ठरलेला, त्यावरून आपला कोण नि परका कोण ते ओळखायचे. अळी असताना हा प्राणी ओलसर मातीत गोगलगाई खाऊन महिनोन्‌महिने काढतो. पंख फुटल्यावर हाती उरतात ते फार तर दोन-चार आठवडे. त्यात स्थळे बघायची, पसंती व्हायची, लग्न लागायचे आणि मादीने ओल्या मातीत अंडी घालून ठेवायची. आपल्याकडे एवढ्या वेळात पत्रिकाही छापून येत नाही. आणि हे सगळे बोलणे व्हायचे ते अंधारात. अंधार नसेल तर नराचा निरोप मादीला दिसत नाही आणि मादीचे उत्तर नराला.

त्या अंधारात आपण हेडलाइट घेऊन जातो.

त्या रात्री मुरशेत ते पांजरे रस्त्यावर गाड्यांची जी रांग होती तिचे शेपूट मला दिसले नाही. नाशिक, पुणे, मुंबई, सगळ्या पाट्या होत्या. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही खुला झाला, त्यामुळे मुंबईकर आता आमच्याआधी पोचतो. प्रत्येक गाडीचे दिवे चालू, कारण पुढच्या गाडीचे चालू होते. “अहो, लाइट बंद करा ना!” असे जो तो आपल्या लाइटमागे बसून पुढच्याला ओरडत होता. एका गाडीतून गाणी चालली होती. काही मंडळी उतरून झाडाखालच्या गवतात शिरली होती आणि मोबाईलच्या विजेरीने काजवे शोधत होती. ज्या गवतात नवरीकडची मंडळी बसली होती, त्याच गवतात. गावातला एक पोरगा काचेकाचेवर बोटाने टकटक करत चालला होता. “लाइट बंद करा साहेब. मॅडम, लाइट.” सकाळी आम्हाला गाईड पाहिजे का विचारणारा तोच असावा असे मला वाटले. पण त्याच्या तोंडावर आमचाच उजेड पडल्याने त्याला डोळे उघडता येत नव्हते, त्यामुळे ओळख पटली नाही.

मग कसे कोण जाणे, एकदा आसपासच्या दहा-बारा गाड्यांचे दिवे एकदम विझले. अर्धे मिनिट काहीच नाही. नंतर रस्त्यावरचे एक झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत लखलखले, विझले, पुन्हा लखलखले. मागच्या बाकावर भाचीने “आई गं” म्हटले. दिवसभरात तिने मळमळण्याखेरीज काढलेला तो पहिला उद्गार. तेवढ्यात पुढच्या गाडीला मागे घ्यायचे होते. तिचे पांढरे दिवे लागले, झाडावर पसरले आणि झाड काळे ठिक्कर पडले. आम्ही बराच वेळ बघत राहिलो. ते पुन्हा लागले नाही.

आता मेहुण्यांचा बिनतोड मुद्दा. “अमेरिकेत बघा भाऊजी. तिथं डोंगरातून कसले रस्ते केलेत! सगळे आपापल्या गाडीनं फिरतात.” अमेरिकेचे नाव निघाले की आमच्या सासुरवाडीत वाद संपतो, कारण त्यांचा एक पुतण्या तिथे आहे. पण अमेरिकेची गोष्ट पुरती सांगितली पाहिजे. १९०८ साली माउंट रेनियर या राष्ट्रीय उद्यानाने मोटारींना पहिल्यांदा रीतसर प्रवेश दिला. १९१५ साली यलोस्टोनने दिला. ग्लेशियर नावाच्या उद्यानात डोंगर फोडून केलेला रस्ता १९३३ साली खुला झाला आणि त्याला त्यांनी ‘सूर्याकडे जाणारा रस्ता’ असे आपल्या नाट्यगीतात शोभेल असे नाव दिले. नंतर गाड्या इतक्या झाल्या की सूर्यापेक्षा बंपरच जास्त दिसू लागले. १९६८ साली एडवर्ड ॲबी या लेखकाने, जो स्वतः एका उद्यानात वनरक्षक होता, राष्ट्रीय उद्यानांत मोटारी नकोतच असे ‘डेझर्ट सॉलिटेअर’ या पुस्तकात ठणकावून लिहिले. तेव्हा त्याला लोकांनी माझ्यासारखाच मठ्ठा वाढला नसणार. पण २००० साली त्याच अमेरिकेने झायन उद्यानातल्या दरीच्या रस्त्यावर हंगामात खाजगी गाड्या बंद केल्या आणि बशी चालू केल्या. म्हणजे ज्यांनी ही कला शोधून काढली ते तिला कंटाळले, आणि आपण ती आत्ता शिकतो आहोत.

बरे, एवढ्या लांब तरी कशाला? माथेरानला जा. दस्तुरी नाक्यावर लाखाची गाडी असो की कोटीची, ती तिथेच ठेवावी लागते. पुढे पाय, घोडा, अलीकडे थोड्या ई-रिक्षा, आणि १९०७ पासूनची ती छोटी रेल्वे. माथेरान ओस पडले का? उलट शनिवारी खोली मिळत नाही. ताडोब्याला जा. तिथे वाघ बघायला आपली गाडी चालत नाही, नोंदणी केलेली जिप्सी आणि बरोबर गाईड घ्यावाच लागतो. मेहुणे ताडोब्याला जाऊन आलेत, तेव्हा त्यांनी ‘आपली गाडी, आपली मर्जी’ असे काही म्हटल्याचे ऐकिवात नाही. मुकाट्याने जिप्सीत बसले, हळू आवाजात बोलले, विडी काडी काही नाही. कारण उघड आहे. वाघाला दात असतात. काजव्याला नसतात. एवढ्या एका उणिवेपायी बिचाऱ्याच्या मांडवात आपण गाडी घालतो.

राहिला शेवटचा मुद्दा, आणि तो खरोखर विचार करण्याजोगा आहे. गाड्या आल्या नाहीत तर तिथल्या लोकांनी खायचे काय? बहुतेक वस्ती महादेव कोळी आणि ठाकरांची. भात, नाचणी, वरई यांवर बारा महिने निघत नाहीत. काजव्यांच्या दिवसांत तंबू, खोल्या, पिठलंभाकरी यांतून चार पैसे येतात, आणि ते आलेच पाहिजेत. पण ते गाडीतून येतात की गाडीतून उतरलेल्या माणसाकडून, हे बघा. आमचा त्या दिवसाचा जमाखर्च माझ्याजवळ आहे. पेट्रोल नाशकात भरले. जेवण हमरस्त्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात झाले, जिथे पनीर होते. चिवडा घरचा. पाणी घरचे. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशाचे पैसे दिले. आणि चाळीस किलोमीटरच्या त्या सगळ्या गावांत मिळून आम्ही सात जणांनी खर्च केला तो तीस रुपये, करवंदांचा. तोही सासूबाई झाडाखाली बसल्या म्हणून. मेहुणे तर वीसला मागत होते.

याउलट गाडी शेंडीतच ठेवायची असे ठरले, तर काय होईल? पुढे जायला गावची जीप लागेल. वाटाड्या लागेल. पाय दमल्यावर कुणाच्या तरी ओसरीवर बसावे लागेल, आणि ओसरीवर बसलेल्या माणसाला भूक लागते. अंधारात काजवे दाखवायला तो काचेवर टकटक करणारा पोरगाच लागेल, आणि तेव्हा त्याला ‘लाइट बंद करा’ म्हणत रात्रभर फिरावे लागणार नाही. पन्नास जीपांचे दिवे विझवता येतात, कारण त्या चालवणाऱ्याला उद्या परत त्याच झाडाखाली यायचे असते. हजार गाड्यांचे विझत नाहीत. वनखाते पाट्या लावते, वेळेची बंधने घालते, त्यांचे चुकते असे मी म्हणत नाही. पण पाटी वाचायला दिवे लावावे लागतात, ही अडचण त्यांच्या लक्षात आलेली दिसत नाही.

ही सगळी योजना मी परतीच्या वाटेवर, घोटी ते विल्होळी, मेहुण्यांना पायरीपायरीने समजावून सांगितली. शेंडीला वाहनतळ, पुढे गावकऱ्यांच्या जीपा, मोसमात रात्री खाजगी गाडी बंद म्हणजे बंद. सासूबाई मागून “बरोबर आहे” म्हणाल्या, हे विशेष. मेहुण्यांनीही या वेळी मध्ये एकदाही अमेरिका आणली नाही. पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला थांबल्यावर त्यांनी बराच विचार केला आणि मग माझ्याकडे वळून विचारले,

“भाऊजी, त्या शेंडीच्या पार्किंगला वर शेड असेल ना पण? काळा रंग आहे, फार तापतो.”